दुसऱ्या सर्व्हरची विश्रांती

यंदा नवरात्राच्या थोडं आधी साखर तपासायला रिकाम्या पोटी लॅबमध्ये गेलो होतो. माझ्या आयुष्यातली शेवटची नोकरी मी याच लॅबमध्ये केली. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून, म्हणजे राजघराण्याच्या समाध्यांपासून, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. काउंटरवरची माणसं आता नवीन आहेत, मला ओळखत नाहीत, त्यामुळे रांगेत उभं राहावं लागतं. काउंटरवरची बाई भराभर टाइप करत होती. तिच्या शेजारी बसलेला माणूस तिला म्हणाला, "देख के, महू मत कर देना."

मी विचारलं, "महू मत कर देना, मतलब?"

"अरे अंकल, ऐसा है के," तो खुशीत येऊन सांगू लागला, "यहाँ पहले एक मॅडम थीं, महू की. उन्होंने बिना देखे सर्वर पलट दिया था. पूरी लॅब का कचरा हो गया था. तब से जो भी बिना देखे बटन दबाता है, अपन बोलते हैं, महू कर दिया."

"आप तब थे?"

"नहीं अंकल, अपन तो अभी आए हैं. पर सबको पता है."

मी मान हलवली आणि पावती घेतली. आत जाऊन रक्त दिलं. साखर वाढलेली निघाली, पण ती त्या आधीपासूनच वाढलेली असणार.

घरी येऊन बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग जाऊन सांगा त्यांना खरं काय ते. आणि आधी पोहे खा, उपाशी आहात." पोहे खाल्ले. खरं सांगायला त्यानंतरही काही दिवस गेले. ते लिहून ठेवावं म्हणून हे लिहितो आहे.

त्या काळात मी लॅबच्या कॉम्प्युटर विभागाचा इंचार्ज होतो. विभाग म्हणजे एक वातानुकूलित खोली, मी आणि त्या मॅडम. त्या माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. त्यांचे आजोबा पलटणीत होते, घर महूला. रोज बसने येऊन जाऊन करायच्या. काम मला येत होतं त्याहून त्यांना जास्त येत होतं. हे मला ठाऊक होतं आणि मालक डॉक्टरांनाही ठाऊक होतं. म्हणून असं ठरलं होतं की दिवाळीनंतर मी थांबायचं आणि इंचार्जची खुर्ची त्यांना द्यायची. त्यांनी घरी सांगूनही टाकलं होतं. वडिलांचे महूत कुणाकुणाला पेढे देऊन झाले होते.

खोलीत दोन सर्व्हर होते. एक मुख्य. त्याच्यात पेशंटची नावं, नंबर, रिपोर्ट, सगळं. दुसरा त्याची नक्कल, म्हणजे रेप्लिका. मुख्यामध्ये जे लिहिलं जाईल ते क्षणार्धात दुसऱ्यातही उमटायचं. मुख्य कधी बसलाच तर दुसऱ्याला एक आज्ञा द्यायची आणि तो मुख्य होतो. आमच्या भाषेत याला प्रमोट करणं म्हणतात. माणसाच्या प्रमोशनला लागतात तशी वर्षं, ओळखी आणि चहापाणी त्याला लागत नाही. मात्र एक अट असते. दुसरा खरोखर पहिल्याच्या बरोबर चालत असला पाहिजे. तो मागे पडलेला असेल तर जेवढा मागे, तेवढा काळ लॅबमध्ये घडलाच नाही असं होतं.

आता खंडेनवमी. डॉक्टरांच्या घरी ती कडक पाळायचे. मायक्रोस्कोप, रक्त फिरवायची यंत्रं, सुऱ्या-कात्र्या, सगळं धुऊनपुसून, हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. लॅब बंद ठेवता येत नाही, म्हणून एक जुना मायक्रोस्कोप सगळ्यांच्या वतीने विश्रांती घ्यायचा. कॉम्प्युटर आले तेव्हा डॉक्टरांच्या आईंनी विचारलं, "आणि हा डबा? हा तर सगळ्यांत जास्त राबतो. याला एक दिवस नको?"

मुख्य सर्व्हर बंद करणं शक्य नव्हतं. तेव्हा मी सुचवलं की दुसऱ्याला विश्रांती देऊ. त्याची मुख्याशी असलेली जोडणी तोडायची, तो बंद करायचा, माळ घालायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करून परत जोडायचा. दिवसभराचं राहिलेलं काम तो तासाभरात भरून काढतो. आई खूश झाल्या. म्हणाल्या, "तुम्ही समजूतदार आहात." ही सूचना माझी होती, हे मुद्दाम नोंदवतो. लोकांना वाटतं ती डॉक्टरांची.

मॅडमच्या घरी बुद्धवंदना असते, आमची पूजा त्या करत नसत. पूजेच्या वेळी त्या बाहेर काउंटर सांभाळायच्या आणि नंतर कलाकंद आवडीने खायच्या. एका वर्षी त्यांनी विचारलं होतं, "सर, हे तोडायचं-जोडायचं मलाही दाखवून ठेवा ना, तुम्ही नसलात तर?"

मी म्हणालो, "ते मी बघतो. ते पूजेतलं आहे."

त्या वर्षी दसऱ्याला सकाळी मी दुसरा सर्व्हर सुरू केला. दिवा हिरवा झाला. माळ काढली, पाकळ्या झाडल्या. तेवढ्यात कुणीतरी सोनं द्यायला आत आलं, मग आणखी कुणी आलं, आपट्याची पानं खिशात ठेवत मी घरी गेलो. जोडणी केली नाही.

ती रोज तपासायची असते. स्क्रीनवर दोन आकडे असतात, ते जुळतात का बघायचं. पण माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ते मी लॅबमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. आकडे मला धुक्यात दिसायचे. हिरवा दिवा मात्र नीट दिसायचा. तेव्हा मी दिवा बघायचो. दिव्याचा अर्थ एवढाच की यंत्राला वीज मिळते आहे.

दिवाळीच्या थोडं आधी एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. लॅबमध्ये सांगितलं, बारीकसं काम आहे. ऑपरेशन सकाळी झालं, मला बाहेर आणून पलंगावर बसवलं, डोळ्यावर हिरवी पट्टी. तेवढ्यात मॅडमचा फोन.

"सर, मेन बसला."

"काय म्हणतो?"

"डिस्क भरली म्हणतो. उठतच नाही. काउंटरवर गर्दी झालीय, राऊच्या आपल्या कलेक्शन सेंटरवरून सारखे फोन येतायत. डॉक्टरसाहेब दोनदा दारात येऊन गेले."

"मग रेप्लिका प्रमोट करा."

"तेच करणार होते. पण तो 'जोडणी नाही' दाखवतोय."

"मेन बंद आहे तर जोडणी कोणाशी असणार? तसंच दाखवणार तो."

"हो, ते बरोबर. पण तो आत्तापर्यंत सोबत होता ना? मी एकदा शेवटची नोंद काढून बघते सर. पाच मिनिटं."

"सोबतच आहे. मी रोज बघतो. पाच मिनिटं कशाला घालवता? लोक उभे आहेत. करून टाका."

"बघू नको?"

"अहो मॅडम, करून टाका."

त्यांनी करून टाकलं. मला चहा आणि बिस्किटं आली. मी बायकोला म्हटलं, बघ, मी एक दिवस नाही तर यांचं अडतं.

त्या संध्याकाळपर्यंत लॅब झकास चालली. फक्त खंडेनवमीपासून त्या दिवसापर्यंतचे सगळे पेशंट नाहीसे झाले होते. आदल्या दिवशी रक्त दिलेली माणसं रिपोर्ट घ्यायला आली, तर त्यांना सांगितलं गेलं की तुम्ही आलाच नव्हता. एकाने बाही वर करून सुई टोचल्याची खूण दाखवली. त्याहून वाईट म्हणजे सर्व्हरने नंबर खंडेनवमीपासून पुढे परत द्यायला सुरुवात केली होती. एकाच नंबराचे दोन दोन पेशंट झाले. राऊच्या एका पेन्शनर गृहस्थांनी मोबाइलवर आपला कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट उघडला, तर गर्भधारणेची चाचणी पॉझिटिव्ह. त्यांनी फोन करून शांतपणे सांगितलं, "भिया, हमारे यहाँ तो कोई चांस नहीं है. एक बार फिर से देख लो."

मुख्य सर्व्हर का बसला होता तेही नंतर कळलं. दुसरा जोडलेला नसला की मुख्य त्याच्यासाठी प्रत्येक बदल बाजूला काढून ठेवतो, येईल तेव्हा देऊ म्हणून. खंडेनवमीपासून तो ठेवत गेला. दुसरा आलाच नाही. शेवटी ठेवायला जागा उरली नाही. म्हणजे मुख्य बसला तोही माझ्यामुळे आणि दुसरा मागे होता तोही माझ्यामुळे. मुख्यातला डेटा मात्र सुखरूप होता. थोडी जागा करून दिली असती तर तो उठला असता, आणि कुणाला प्रमोट करायची गरजच नव्हती. मॅडमनी शेवटची नोंद बघितली असती तर हे तिथल्या तिथे उघडं पडलं असतं. मी बघू दिलं नाही.

दोन्हीकडच्या नोंदी जुळवायला दिवाळी गेली. बहुतेक काम मॅडमनी केलं. मला डोळ्यामुळे स्क्रीन मना होता. पेशंटना फोन करून, त्यांच्याकडच्या रिपोर्टचे फोटो मागवून, दोन दोन नंबर वेगळे करत त्या बसल्या होत्या. चुकीच्या रिपोर्टवरून कुणाला चुकीचं औषध गेलं नाही, हे नशीब.

मग मीटिंग झाली. डॉक्टर, कारभार बघणारा त्यांचा मुलगा, मॅडम, आणि काळा चष्मा लावलेला मी.

मुलगा म्हणाला, "मॅडम, पलटने से पहले चेक किया था?"

"सरांना विचारलं होतं. सर म्हणाले सोबत आहे, करून टाका."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "मी तर ऑपरेशनला गेलो होतो."

या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी ऑपरेशनला गेलोच होतो. मुलाने वडिलांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनच्या माणसाला कशाला विचारायचं, मॅडम? तुम्ही समोर होतात. आपल्या डोळ्यांनी बघायला नको?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. काळ्या चष्म्याचा एक फायदा असा की आपण कुठे बघतो आहोत ते समोरच्याला कळत नाही.

जोडणी का तुटलेली राहिली, हे कुणी विचारलं नाही. पूजेतलं ते काम फक्त मी करायचो, त्यामुळे ते मी सांगितलं तरच कळणार होतं. मी एवढंच म्हणालो की पूजेनंतर रेप्लिका यंत्राच्याच काही दोषाने मागे पडला असावा. डॉक्टरांच्या आईंना घरी कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ती पूजेला उभी राहत नाही ना, म्हणून झालं." हे त्या माझ्यासमोर म्हणाल्या. मी तेव्हा चहा पीत होतो आणि पीतच राहिलो.

मीटिंगनंतर जिन्यात मॅडमनी मला थांबवलं.

"सर, एक विचारू? तुम्ही नको म्हणाला होतात ना?"

"कशाला?"

"मी म्हणाले शेवटची नोंद बघते. तुम्ही म्हणालात बघू नका."

इथे मी जे बोललो त्यासाठी हे सगळं लिहितो आहे. मी म्हणालो, "मॅडम, मला भूल दिलेली होती. काय बोललो, काय नाही, मला काही आठवत नाही. तुम्ही म्हणता तर असेल. पण मी असं म्हणेन असं मला वाटत नाही. बघितल्याशिवाय करू नका, हेच तर मी तुम्हाला शिकवलं."

भूल डोळ्याची होती. थेंब टाकून देतात. तिने स्मरणशक्तीला काही होत नाही. त्या फोनवरचा एकेक शब्द मला तेव्हाही आठवत होता, आताही आठवतो.

त्या जिन्यात उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "असेल सर. गडबडीत होते मी."

मीटिंगमध्ये मी त्यांची खुर्ची घालवली होती. जिन्यात त्याहून जास्त काहीतरी घालवलं, हे मला त्यांच्या "असेल"वरून तेव्हाच कळलं होतं. कळूनही मी खाली उतरलो आणि स्कूटर काढली.

डॉक्टरांनी मला आणखी दोन वर्षं थांबायला सांगितलं. विचार करून सांगतो म्हणालो. संध्याकाळी हो म्हणालो. त्या वर्षीपासून खंडेनवमीची विश्रांती प्रिंटरला देतात. मॅडम वर्षभर माझ्या हाताखाली राहिल्या. काही करायचं झालं की तीन तीनदा विचारायच्या. "सर, करू ना? नक्की करू?" साधी फाइल पुसायची असली तरी. लोक हसायचे. आधी त्या अशा नव्हत्या. मग त्या सिमरोलकडच्या इन्स्टिट्यूटच्या कॅम्पसमध्ये कॉम्प्युटरच्या कामाला लागल्या. जाताना माझ्या पाया पडायला वाकल्या नाहीत, नुसता नमस्कार केला. मला वाटलं, त्यांच्यात पद्धत नसेल.

तर यंदा पोहे खाल्ल्यावर काही दिवसांनी मी डॉक्टरांकडे गेलो आणि सांगितलं. ते ऐकत होते, मधे एकदा चष्मा पुसला.

"आता कशाला उकरता?" ते म्हणाले. "आई गेली. तुम्ही रिटायर झालात. त्या तिकडे सेटल आहेत."

"काउंटरवर अजून म्हणतात, महू कर दिया."

"म्हणतात हो. मी पण एकदा म्हणालो." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "मी सांगितलं तर ऑर्डर वाटेल. तुम्हीच सांगा. खंडेनवमीला या, सगळे असतात."

गेलो. प्रिंटरला माळ घातलेली होती. आरती झाली. डॉक्टर माझ्याकडे हात करून म्हणाले, दादांना काही बोलायचंय. मी हिंदीत बोललो, कारण अर्ध्यांना मराठी येत नाही. दसऱ्याला जोडणी करायची राहिली इथून सुरू केलं आणि जिन्यापर्यंत आलो. वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही. सगळ्यांचं लक्ष कलाकंदाच्या ताटाकडे होतं, पण ऐकत होते.

तो काउंटरवरचा माणूस म्हणाला, "तो अंकल, मतलब मॅडम चेक करना चाह रही थीं?"

"हाँ."

"और आपने मना किया."

"हाँ."

"और डिस्क भी आपके चक्कर में भरी?"

"हाँ."

"गजब है भिया," तो कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाला.

टाइप करणारी बाई म्हणाली, "तो फिर हम लोग उनका नाम क्यों लेते हैं?"

डॉक्टर म्हणाले, "कलाकंद घ्या सगळ्यांनी."

बाहेर येऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो आणि मॅडमना फोन लावला. नंबर माझ्याकडे होता. इतक्या वर्षांत लावला नव्हता.

"सर? बोला."

मागे कॅम्पसमधली वर्दळ ऐकू येत होती. मी सांगितलं. आधी जोडणीचं, मग फोनचं. शेवटी जिन्यातलं सांगितलं. "मला सगळं आठवत होतं. तुम्ही बघते म्हणालात, मी बघू नका म्हणालो. भुलेचं मी खोटं बोललो."

तिकडे त्यांनी कुणालातरी 'एक मिनट' म्हटलं.

"कोणासमोर सांगितलंत?"

"सगळ्या स्टाफसमोर. डॉक्टरसाहेब पण होते."

"ते काय म्हणाले?"

"कलाकंद घ्या म्हणाले."

त्या हसल्या असं वाटलं, पण ते हसणं नव्हतं. श्वास सोडल्यासारखं काहीतरी होतं.

"सर, तुम्हाला माहितीय, मी काय समजत होते इतकी वर्षं? की तुम्ही बघा म्हणाला असाल आणि मीच घाईत करून टाकलं. आणि वर तुमच्यावर ढकलायला मनाने काहीतरी रचलं. मी घरी तसंच सांगितलंय. वडिलांना तसंच सांगितलं."

मी म्हणालो, "त्यांना मी येऊन सांगतो."

"नको. ते मी सांगेन." मग त्यांचा आवाज बदलला, कामाचा झाला. "सर, इथे सर्व्हर रूमच्या इंचार्जची जागा निघालीय. साहेबांनी दोनदा विचारलं. मी नाही म्हणाले. माझा हात घाईचा आहे, मला नको, असं सांगितलं मी त्यांना. माझ्या तोंडाने."

"मग?"

"मग काय, आज दुसऱ्याचं नाव पाठवणार आहेत. उद्यापासून साहेबांची सुट्टी." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणालातरी त्या म्हणाल्या, "भैया, साहब निकले तो नहीं अभी?" आणि मग मला, "ठेवते मी. साहेब लवकर निघतात, त्याआधी गाठते."

मी काही म्हणायच्या आत फोन बंद झाला होता.